मांद्र्याचे धन्वंतरी : डॉ. भाऊ दाजी लाड

उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा नदी आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा तीन पाण्यांनी वेढलेला पेडणे महाल हा गोमंतकाचा उत्तरेकडील उंबरठा होय. या महालात समुद्राला लागून मांद्रे हा गाव आहे. माडांच्या बागा, पावसाळ्यात हिरवीगार होणारी भातशेती, लाल मातीच्या पाणंदी, देवळासमोरची दीपमाळ आणि घराघरांच्या अंगणांतील तुळशीवृंदावन असे त्याचे जुने रूप. याच गावी १८२२ साली एका सारस्वत कुटुंबात जन्मलेला मुलगा पुढे मुंबई नगरीचा नामांकित वैद्य, प्राच्यविद्येचा पंडित आणि लोकहिताचा कैवारी म्हणून सर्व हिंदुस्थानात व युरोपातही ओळखला गेला. ते म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. भाऊ हे त्यांचे घरचे नाव आणि दाजी हे वडिलांचे, विठ्ठल लाड यांचे, रूढ नाव. कुलनाम मागे पडून ‘भाऊ दाजी’ हीच त्यांची ओळख जगाला झाली.

भाऊ दाजींचे स्मरण सामान्यतः दोन प्रकारे केले जाते. वैद्यकाचे अभ्यासक त्यांच्या कुष्ठरोगावरील उपचारांची आठवण ठेवतात आणि इतिहासाचे अभ्यासक त्यांच्या शिलालेखवाचनाची. या दोन्ही कार्यांना जोडणारा एक तिसरा धागा त्यांच्या चरित्रात आहे आणि आजच्या काळात तोच अधिक मोलाचा वाटतो. मनुष्याचे आरोग्य केवळ त्याच्या देहात नसते. तो ज्या घरात राहतो, ज्या रस्त्याने चालतो, ज्या झाडाखाली विसावतो आणि ज्या माणसांत वावरतो, त्या सर्व परिसरावर त्याच्या शरीराची आणि मनाची प्रसन्नता अवलंबून असते. भाऊ दाजींनी या विषयावर सिद्धान्ताचा ग्रंथ रचला नाही. परंतु त्यांच्या आयुष्यातील बहुतेक मोठी कामे याच जाणिवेच्या दिशेने जाणारी आहेत.

नव्या काबिजादीतून मुंबईस

भाऊंचा जन्म झाला तेव्हा पेडणे महाल पोर्तुगीज अमलाखाली येऊन उणीपुरी चौतीस वर्षे झाली होती. सावंतवाडीकर भोसल्यांकडील डिचोली व सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि १७८८ साली पेडणेही गेले. हा सर्व मुलूख नव्या काबिजादी या नावाने ओळखला जातो. जुन्या काबिजादीत देवळे पाडली गेली होती. नव्या काबिजादीत मात्र देवस्थाने, ग्रामसंस्था आणि लोकांचे आचार यांना हात न लावण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. त्यामुळे पेडणे व डिचोली या महालांत मराठी पोथ्यांचे वाचन, कीर्तन, शिगमा, जत्रा आणि दशावतारी काले ही परंपरा अखंड राहिली. माणसाला आपल्या भाषेत आणि आपल्या देवाच्या दारी मन मोकळे करता येणे, हा त्या परिसराचा मोठा आधार होता.

डिचोली महालाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली पुन्हा बांधविले. उद्ध्वस्त झालेले दैवत नदीपलीकडे आणून पुन्हा प्रतिष्ठित करणे म्हणजे एका हादरलेल्या समाजाला स्वस्थतेचे स्थान परत मिळवून देणे होते. याच तालुक्यातील साखळीच्या दत्तमंदिराविषयी मनोरुग्ण तेथे बरे होतात अशी लोकांची श्रद्धा आहे आणि दूरदूरची कुटुंबे आपल्या व्यथित आप्तांना घेऊन तेथे येत आली आहेत. मागे डोंगर, सभोवती दाट कुळागरे, नियमित आरती आणि शांतता यांचा मनावर काय परिणाम होतो, याचा अनुभव लोकांनी शास्त्राची वाट न पाहता घेतला होता. श्रद्धेचा भाग वेगळा ठेवला, तरी स्थानाचे आणि मनाचे नाते गोमंतकीयांनी पूर्वीपासून ओळखले होते, एवढे निश्चित. योगायोग असा की, मनाच्या सामर्थ्याचा शोध घेणारे आबे फारिया हेही गोमंतकाचेच सुपुत्र. बार्देशातील कांदोळी गावात १७५६ साली त्यांचा जन्म झाला आणि संमोहनाची अवस्था ही बाह्य शक्तीमुळे नव्हे, तर सूचनेमुळे निर्माण होते, हे त्यांनी पॅरिसमध्ये प्रतिपादन केले. फारियांनी मनाच्या आत पाहिले. भाऊ दाजींची दृष्टी मनाच्या सभोवती असलेल्या जगाकडे वळली.

नव्या काबिजादीत संस्कृतीचा आधार होता, तरी उच्च शिक्षणाची सोय नव्हती. होतकरू कुटुंबे मुंबईची वाट धरीत. भाऊ लहान असतानाच लाड कुटुंबही मुंबईस गेले. बुद्धिबळाच्या खेळातील या मुलाची चमक एका इंग्रज गृहस्थाने पाहिली आणि त्याला इंग्रजी शिक्षण द्यावे असे वडिलांना सुचविले, असे सांगितले जाते. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि तेथेच ते अध्यापकही झाले. कच्छ व काठेवाडातील बालिकाहत्येच्या चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले. ऐन विशीत असलेल्या तरुणाने निवडलेला हा विषयच त्याच्या पुढील वृत्तीचा निदर्शक आहे. मुलगी जन्मास येते त्या घरातील वातावरणच तिच्या जिवावर उठत असेल, तर दोष व्यक्तीपुरता राहत नाही, तो रूढीचा होतो. ही दृष्टी त्या अभ्यासामागे होती.

वैद्य आणि त्याचे शहर

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. अध्यापनाची स्थिर नोकरी सोडून भाऊंनी तेथे प्रवेश घेतला आणि १८५१ साली बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्याच तुकडीत त्यांचा समावेश झाला. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांनीही हाच व्यवसाय पत्करला. दोघा बंधूंनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. थोड्याच वर्षांत भाऊंच्या हातास यश असल्याची ख्याती शहरभर पसरली आणि व्यवसायाने त्यांना संपत्तीही दिली.

त्या काळची मुंबई कशी होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मर्म कळणार नाही. किल्ल्याच्या तटाबाहेर, मांडवी, भुलेश्वर, गिरगाव, कामाठीपुरा या भागांत वस्ती दाटीने वाढत होती. १८६४ च्या शिरगणतीत बेटाची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. गिरण्या, गोदी आणि कापसाचा व्यापार यांमुळे कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून आणि गोमंतकातून माणसांचे लोंढे येत होते. उघडी गटारे, अंधाऱ्या खोल्या, वारा न खेळणाऱ्या गल्ल्या आणि विहिरींचे गढूळ पाणी यांत ही माणसे राहत. विहार तलावाचे पाणी १८६० साली शहरात आले, तोवर उन्हाळ्यात पाण्यासाठी हाल ठरलेलेच. पटकी व देवी यांच्या साथी वारंवार येत. मांद्र्यासारख्या गावातून आलेल्या कुटुंबाला समुद्राचा वारा, अंगण, परसातली विहीर आणि ओळखीची माणसे ही सर्व एकाच वेळी गमवावी लागत. पोटाला मिळे, परंतु मनाला विसावा देणारी जागा नसे.

गरिबांच्या दवाखान्यात बसणाऱ्या वैद्याला हे रोज दिसत असे. रुग्णाला औषधाची पुडी देऊन पुन्हा त्याच कोंदट खोलीत पाठविले, तर औषध किती पुरे पडणार, हा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक जाणत्या डॉक्टरपुढे होता. रोगजंतूंचे शास्त्र अद्याप स्थिरावले नव्हते. दूषित हवा हेच बहुतेक साथींचे मूळ, असे युरोपीय वैद्यक मानीत असे. ते कारण पुढे अपुरे ठरले. परंतु त्यातून निघालेला स्वच्छ पाणी, मोकळी हवा आणि हिरवळ यांचा आग्रह माणसाच्या हिताचाच ठरला.

भाऊंजवळ आणखी एक साधन होते, ते म्हणजे संस्कृत वैद्यकग्रंथांचा अभ्यास. प्राचीन ग्रंथांत ज्या वनस्पतींचे गुण वर्णिले आहेत त्यांची प्रत्यक्ष परीक्षा करण्याचा उद्योग त्यांनी मोठ्या चिकाटीने केला. या ग्रंथांत देशविचाराला मोठे स्थान आहे. जांगल, आनूप आणि साधारण असे भूमीचे भेद सांगून त्यांनुसार तेथील माणसांची प्रकृती व रोग यांचा विचार चरक व सुश्रुत करतात. वायू, जल, देश आणि काल ही चार बिघडली म्हणजे सर्व जनपदाचा ऱ्हास होतो, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रतिपादन आहे. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात रुग्णगृह कसे असावे याचे वर्णन करताना वारा खेळता असावा, धूर, ऊन व धूळ यांचा उपद्रव नसावा, याबरोबरच गाणारी, वाजविणारी, कथा सांगणारी माणसे आणि पशुपक्षी जवळ असावेत, असे सांगितले आहे. रुग्णाचे मन रमणे हा उपचाराचाच भाग होय, ही समज आपल्या परंपरेत किती जुनी आहे, हे यावरून दिसते. पूर्वेकडील व पश्चिमेकडील या दोन्ही विद्यांचे संस्कार एकाच वैद्याच्या ठायी एकत्र झाले होते.

भायखळ्याचा बाग आणि संग्रहालय

भाऊ दाजींच्या या वृत्तीचे सर्वांत दृश्य आणि टिकाऊ फळ म्हणजे भायखळ्याचा राणीचा बाग व त्यातील संग्रहालय. मुंबईत एक सरकारी संग्रह टाउन बॅरॅक्समध्ये मांडला होता. परंतु १८५७ च्या धामधुमीत ती जागा सैन्यासाठी हवी झाली आणि त्या संग्रहाची वाताहत झाली. त्यानंतर १८५८ साली लोकवर्गणीतून नवे संग्रहालय व उद्यान उभारावे असा विचार पुढे आला. त्यात नाना जगन्नाथ शंकरशेट, डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी ही तीन नावे अग्रभागी होती. या तिघांपैकी दोघे पेशाने डॉक्टर होते, ही गोष्ट सहज ओलांडून जाण्यासारखी नाही. बागेची आवश्यकता सर्वांआधी वैद्यांना जाणवली.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी बाग लोकांसाठी खुला झाला आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्ते संग्रहालयाच्या इमारतीची कोनशिला बसविली गेली. याच सुमारास किल्ल्याचे जुने तटही पाडले जाऊ लागले होते. शहराने मोकळा श्वास घ्यावा, असा हा काळ होता. युरोप-अमेरिकेतही हेच घडत होते. लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेड येथे १८४७ साली लोकांच्या पैशातून सार्वजनिक उद्यान उघडले गेले होते. ते पाहून प्रभावित झालेल्या फ्रेडरिक ओल्मस्टेड यांनी पुढे न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी केली. श्रीमंतांना आपापले बाग असतात, कष्टकऱ्यांना नसतात. म्हणून नगरानेच त्यांना बाग दिला पाहिजे, हा विचार त्या काळात जगभर रुजत होता आणि मुंबईने त्यात मागे राहू नये, अशी या मंडळींची धडपड होती.

परंतु काम सोपे नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला होता. ते युद्ध १८६५ साली संपताच मुंबईचा शेअर बाजार कोसळला. अनेक धनाढ्य कुटुंबे धुळीस मिळाली, बँका बुडाल्या, वर्गणीचे ओघ आटले. भाऊ दाजींनाही या पडझडीची मोठी झळ लागली आणि व्यवसायात मिळविलेले पुष्कळसे द्रव्य गेले. संग्रहालयाचे काम रेंगाळले. अखेर सरकारने पैसा पुरविला तेव्हा ते पुरे झाले. १८७२ च्या मे महिन्यात संग्रहालय लोकांसाठी उघडले, तेव्हा नाना शंकरशेट हयात नव्हते. १८६५ सालीच त्यांचे निधन झाले होते. बर्डवुड स्वदेशी परतले होते. मूळच्या तिघांपैकी मुंबईत उरले होते ते भाऊ दाजीच. स्वतःचे वैभव ओसरलेले असताना इतरांसाठी उभारलेल्या या वास्तूचे दार उघडलेले त्यांच्या हयातीत घडले, हे त्यांच्या चरित्रातील एक समाधानाचे पान होय.

या बागेत सुटीच्या दिवशी गिरणगावातील कुटुंबे मुलाबाळांसह येत. घरी बसायला जागा नाही, अशा माणसांना झाडाखाली दशमी सोडून निवांत बसता येई. संग्रहालयात निरक्षर माणसालाही देशातील कारागिरी, शेती, पेहराव आणि मातीची चित्रे यांतून जग पाहता येई. बाग मनाला विसावा देई आणि संग्रहालय कुतूहल जागे करी. थकलेल्या मनाला या दोहोंची गरज असते.

दिसणारा आणि न दिसणारा परिसर

परिसर म्हणजे केवळ झाडे, वारा व पाणी नव्हे. भीती, अज्ञान आणि तिरस्कार हीही माणसाच्या सभोवतीची हवाच असते आणि तीही त्याचे मन आजारी पाडते. भाऊ दाजींनी या न दिसणाऱ्या परिसराकडे पाठ फिरविली नाही. १८६२ सालचा प्रसिद्ध महाराज अब्रूनुकसानीचा खटला याची साक्ष देतो. वल्लभ संप्रदायातील एका महाराजाच्या अनाचाराविषयी करसनदास मुळजी यांनी आपल्या पत्रात लिहिले म्हणून त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा दावा लावण्यात आला. त्या खटल्यात भाऊ दाजी वैद्य या नात्याने साक्ष देण्यास उभे राहिले. शहरातील धनिक व्यापारीवर्ग महाराजांचा अनुयायी आणि त्यांतीलच अनेक कुटुंबे डॉक्टरांची आश्रयदाती, अशा परिस्थितीत सत्य सांगण्याची किंमत मोजावी लागण्याचा संभव होता. ती त्यांनी पत्करली. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला आणि अनेक घरांतील स्त्रियांभोवतीची मुकाट्याने सोसण्याची हवा काहीशी हलली.

स्त्रीशिक्षणाचे कार्य याच भूमिकेतील. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही संस्था १८४८ साली निघाली आणि तिने लगेच मुलींच्या शाळा सुरू केल्या. या संस्थेचे पहिले हिंदी अध्यक्ष होण्याचा मान भाऊंना मिळाला. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी इतके कष्ट घेतले की त्यांच्या चाहत्यांनी निधी जमवून त्यांच्या नावाची कन्याशाळा चालविली. घराच्या चार भिंतींत कोंडलेल्या मुलीला शाळेचे प्रांगण, मैत्रिणी आणि पुस्तक मिळणे म्हणजे तिच्यासाठी नवा परिसर निर्माण होणे होते.

कुष्ठरोग्यांच्या बाबतीत तर परिसराचा प्रश्न अधिक दारुण होता. हा रोग जडलेल्या माणसाला गावाबाहेर काढीत. त्याचे घर, अन्न, स्पर्श आणि संवाद सर्व तुटे. रोगाने जेवढे छळले त्याहून अधिक या बहिष्काराने छळले. भाऊ दाजींनी अशा रुग्णांवर उपचार करण्याचे व्रत घेतले. सह्याद्रीच्या व कोकण-गोमंतकाच्या रानांत वाढणाऱ्या कडू कवठीच्या बियांचे तेल हे त्यांच्या उपचारांतील मुख्य औषध होते. या औषधाचे तपशील त्यांनी आपल्या हयातीत उघड केले नाहीत, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती निराधार म्हणता येणार नाही. परंतु ज्या रोगाला कोणी औषध देण्यासही धजत नव्हते त्याच्या रुग्णांना आशेचा हात त्यांनी दिला, हेही तितकेच खरे. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ साली, म्हणजे भाऊंच्या निधनाच्या अवघे एक वर्ष आधी पाहिला. पुढे विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात नवी औषधे निघेपर्यंत याच जातीच्या झाडांची तेले जगभर कुष्ठरोगावर वापरली जात होती.

भूतकाळाचे घर

भाऊ दाजींच्या पांडित्याचा येथे थोडक्यात उल्लेख पुरे. अजिंठ्याच्या लेण्यांतील व अन्यत्रचे शिलालेख त्यांनी वाचले, कालिदासाच्या काळाची चर्चा केली, आर्यभट व वराहमिहिर यांच्या ग्रंथांच्या काळाविषयी संशोधन प्रसिद्ध केले, प्राचीन नाणी व हस्तलिखिते जमविली. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाचे गुण ओळखून त्यांनी त्याला मुंबईस आणले आणि देशभर प्रवासास पाठविले. हा तरुण पंडित नेपाळच्या दौऱ्यावर असतानाच भाऊंचे निधन झाले. त्यांचे निबंध ‘लिटररी रिमेन्स’ या नावाने १८८८ साली कलकत्त्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. बॉम्बे असोसिएशनचे ते १८५२ साली आरंभीचे चिटणीस होते, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक होते आणि १८६९ व १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. व्यवसाय, राजकारण आणि संशोधन यांचा हा भार सांभाळताना त्यांनी विश्रांती अशी घेतली नाही. मे १८७४ मध्ये, वयाची बावन्न वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचे देहावसान झाले.

शिलालेख वाचण्याचा उद्योग आणि बाग लावण्याचा उद्योग हे वरवर भिन्न वाटतात. परंतु त्यांत आंतरिक संबंध आहे. परकीय सत्तेखाली ज्या समाजाला आपल्याजवळ अभिमान बाळगावे असे काही आहे की नाही, याचीच शंका येऊ लागली होती, त्याला आपला इतिहास परत मिळणे म्हणजे मनाला राहायला घर मिळणे होते.

आजचा अर्थ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिसर व मन यांच्या संबंधाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना केली. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयाच्या नोंदींवरून निघालेला हा निष्कर्ष पुढील अनेक अभ्यासांची प्रेरणा ठरला. चरकाने सांगितलेले आणि भायखळ्यात भाऊ दाजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आचरिलेले तत्त्वच त्यातून नव्या भाषेत पुढे आले.

मुंबईने आपल्या या उपकारकर्त्याची आठवण ठेवली. १९७५ साली राणीच्या बागेतील संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. जीर्ण झालेल्या या वास्तूचा पुढे काळजीपूर्वक जीर्णोद्धार झाला, त्यास युनेस्कोचा २००५ चा सन्मान लाभला आणि २००८ साली ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली. बागेचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. तेथील प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराच्या एका योजनेमुळे जुनी झाडे धोक्यात येतील अशी भीती २००७ च्या सुमारास निर्माण झाली, तेव्हा मुंबईच्या नागरिकांनी त्या झाडांसाठी आवाज उठविला. दीड शतकापूर्वी लावलेली झाडे आपली आहेत, असे सामान्य माणसाला वाटणे हे भाऊंच्या स्मृतीस वाहिलेले उत्तम पुष्प होय.

त्यांच्या जन्मभूमीचा मात्र विचार करावयास हवा. डिचोली तालुक्यात गेली अनेक दशके लोहखनिजासाठी डोंगर पोखरले गेले. लाल धुळीने माखलेली झाडे, गढूळ झालेले ओहोळ आणि मातीच्या ढिगाऱ्यांखाली गेलेली शेते ज्यांनी पाहिली, त्यांना परिसर बिघडला की मन कसे उदास होते, हे समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या बाजूस, खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांवर पोट भरणाऱ्या घरांत आलेली चिंता हीही तितकीच खरी होती. पेडणे तालुक्यात मोपाच्या पठारावर विमानतळ उभा राहिला आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. मांद्रे, मोरजी, हरमल, केरी या किनाऱ्यांवर जगभरचे लोक मनःशांतीच्या शोधात येतात. ज्या शांततेसाठी ते येतात तीच त्यांच्या गर्दीने विरळ होत जावी, हा आजचा पेच आहे. रोजगार हवा आणि डोंगर, झरा, माडाची सावलीही हवी, ही मागणी विसंगत नाही. भाऊ दाजींच्या मुंबईनेही व्यापार वाढविला. परंतु वाढत्या शहरात माणसाला बसण्यासाठी बाग राखला पाहिजे, हे सांगणारे वैद्य तिला लाभले होते.

शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या वाचकांना भाऊ दाजींचे चरित्र विशेष जवळचे वाटावे. घरात जागा नसलेल्या विद्यार्थ्याला टेबल, एकट्या पडलेल्या वृद्धाला वर्तमानपत्र आणि चार ओळखीचे चेहरे, चिंतेने ग्रासलेल्या गृहिणीला एखादी कादंबरी हे सर्व ग्रंथालय मुकाट्याने देत असते. दात्यांच्या देणग्या आणि सभासदांच्या वर्गणीवर उभी राहिलेली ही खोली म्हणजेही गावाने गावासाठी लावलेला बागच आहे. बागेप्रमाणेच तिला रोज पाणी घालावे लागते. मांद्र्याच्या त्या धन्वंतरींनी स्वतःचे द्रव्य गेल्यावरही लोकांच्या बागेवरील ममत्व सोडले नाही. तेच ममत्व येणाऱ्या पिढ्यांनी आपल्या डोंगरांविषयी, आपल्या नद्यांविषयी आणि आपल्या ग्रंथालयाविषयी बाळगावे, यात त्यांचे खरे स्मारक आहे.